शिधा कोणी घ्यावा?

कार्तिक वद्यातील आळंदीची वारी आटोपून आम्ही परत निघालो होतो. बरोबर आमच्या फडावरचे एक जुने माळकरी होते. वय साठीच्या पुढे, दोन एकर कोरडवाहू जमीन, हरिपाठ कधी चुकला नाही. बराच वेळ गप्प बसून मग ते म्हणाले, "माउली, एक विचारू का? पोरगा औद्योगिक वसाहतीत कायम झाला. पगार बरा आहे. घरात आता काही कमी नाही. पण रेशनचं कार्ड जुनंच आहे. पाच माणसांचं पंचवीस किलो धान्य दरमहा फुकट येतं. ते घ्यावं का? माळ घातलेल्या माणसाला ते चालतं का?"

आम्ही काही बोलण्याच्या आतच त्यांच्या कारभारीणबाई मागच्या बाकावरून म्हणाल्या, "अहो, आपण सोडलं म्हणून काय ते गरिबाला मिळणार आहे? कुणाच्या तरी घशातच जायचं. आणि सगळा गाव घेतो, बंगलेवाले घेतात, मग आपल्यालाच कसली एवढी सोवळ्याची हौस?"

गाडीतले सगळेच हसले. आम्हीही हसलो, पण खरे सांगायचे तर त्या वेळी आम्हांस उत्तर आले नाही. कीर्तनात दृष्टांत देणे वेगळे आणि एका माणसाने सरळ विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर देणे वेगळे. त्यानंतर या प्रश्नाचा आम्ही पुष्कळ विचार केला. तोच आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या संप्रदायात अन्न घेण्याचा संकोच नाही. कोणाच्याही पंगतीला बसावे, कोणाचाही काला खावा, हीच आपली रीत. गोपाळकाल्याच्या दिवशी ज्याची शिदोरी जशी असेल तशी एकत्र होते. त्यात ज्वारीच्या लाह्याही असतात आणि साखर घातलेले दहीही असते, व हातावर आलेला घास कोणाच्या घरचा हे कोणी विचारीत नाही. आषाढीच्या वाटेवर गावोगाव लोक वारकऱ्यांना जेवू घालतात. त्यात कोणी सावकार असतो, कोणी मजूर असतो. जेवणारांतही बागाईतदार असतो आणि शेतमजूरही असतो. तेथे तुझे उत्पन्न किती, असे कोणी विचारले तर तो अपराधच होईल. तो प्रसाद आहे, आणि प्रसाद हा गरजेच्या मापाने घ्यायचा नसतो. श्रीमंताने प्रसाद नाकारला तर तो त्याचा त्याग नव्हे, ताठा आहे.

परंतु शिधा म्हणजे प्रसाद नव्हे. दुष्काळात, साथीत, पुरात किंवा कायमच्या गरिबीत ज्यांची चूल पेटत नाही त्यांच्यासाठी म्हणून जे बाजूला काढले, ते मोजून काढलेले असते. त्यावर कोणाचे तरी नाव असते, मग ते कागदावर लिहिलेले असो वा नसो. प्रसादाच्या पातेल्यात हात घातला तर ते पातेले वाढते असा आपला अनुभव आहे, कारण वाढणारे हातही वाढतात. शिध्याच्या पोत्याचे तसे नाही. त्यातून एकाने नेले की दुसऱ्याचे तेवढे कमी होते. आपली सारी गफलत होते ती येथे. आपण शिध्याला प्रसाद समजून नेतो, आणि कधीकधी प्रसादाला शिधा समजून लाजतो.

आता कारभारीणबाईंच्या म्हणण्याकडे वळू. त्यांचे म्हणणे वरवर पाहता बिनतोड वाटते, पण वस्तुस्थिती तशी नाही. २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला. त्यात अंत्योदय कुटुंबाला महिना ३५ किलो व इतर प्राधान्य कुटुंबांना माणशी ५ किलो धान्य ठरले. तांदूळ ३ रुपये व गहू २ रुपये किलो असा भाव होता, आणि २०२३ च्या जानेवारीपासून ते पूर्ण फुकट झाले. २०२४ च्या जानेवारीपासून ही सवलत पुढे पाच वर्षे चालू ठेवण्याचे केंद्र सरकारने ठरविले. एवढे सर्वांना ठाऊक आहे. पण एक गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. या धान्याला प्रत्येक राज्याची माणसे मोजून दिलेली आहेत. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ७ कोटी माणसे आली, आणि तीही २०११ च्या शिरगणतीवरून. त्यानंतर जन्मलेली मुले, त्यानंतर विभक्त झालेली घरे, त्यानंतर विधवा झालेल्या बाया, यांना आत घ्यायचे तर कोणीतरी बाहेर आले पाहिजे. म्हणजे ही पंगत मोजक्या पत्रावळींची आहे. आपण जेवून उठलो नाही तर दाराशी उभा असलेला तसाच उभा राहतो.

म्हणून नुसते धान्य न उचलणे आणि नाव कमी करणे यांत फरक आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. पुष्कळ सज्जन मोठ्या मनाने "आम्ही रेशन आणतच नाही" असे सांगतात. परंतु त्यांचे नाव यादीत तसेच असते. पत्रावळीवर बसायचे आणि जेवायचे नाही, असला हा प्रकार. त्यापेक्षा उठावे, म्हणजे दुसऱ्याला बसता येईल. धान्य कोणाच्या घशात जाते ही शंका अगदीच खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. दुकानात आता अंगठ्याचे यंत्र आले असले तरी माणसाची हाव अंगठ्याने थांबत नाही. पण दुसरा चोरी करील या भीतीने आपण ती वस्तू आधीच आपल्या घरात ठेवावी, हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो?

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही गरिबांवरच काठी उगारली असे होईल. कागदावरचा गरीब आणि चुलीपुढचा गरीब हे दोघे नेहमी एकच नसतात. प्राधान्य कुटुंबासाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा खेड्यात ४४ हजार व शहरात ५९ हजार अशी धरण्यात आली. आता हिशेब करा. एखादा मजूर दिवसाला चारशे रुपये मिळवितो. वर्षातून त्याला दीडशे दिवस काम मिळाले तरी त्याचे साठ हजार झाले. म्हणजे तो मर्यादेबाहेर गेला! साठ हजारांत चार माणसांचे वर्ष काढणारा माणूस जर श्रीमंत, तर गरीब कोण? असा माणूस आम्हांस येऊन विचारतो, "माउली, मी पाप करतोय का?" त्याला आम्ही काय सांगावे? आम्ही त्याला एवढेच सांगतो की उत्पन्न खोटे लिहू नकोस, पण भुकेची लाज बाळगू नकोस. मर्यादा आखणाराने रेघ चुकीच्या जागी ओढली असेल तर त्यासाठी ग्रामसभेत उभे राहून बोलावे. तेही भजनाइतकेच आपले काम आहे.

दामाजीपंतांची कथा आपण सर्वांनी शेकडो वेळा ऐकली आहे. मंगळवेढ्यास दुष्काळ पडला, बेदरच्या बादशहाच्या कोठारातील धान्य पंतांनी उपाशी लोकांना लुटविले, पंतांना पकडून नेले, आणि विठू महाराच्या रूपाने देवाने त्या धान्याचे मोल भरले. या कथेत आपण पंतांच्या औदार्यावर बोलतो, देवाच्या धावण्यावर बोलतो. पण त्या दिवशी कोठारापुढे जी रांग लागली तिच्याविषयी कोणी बोलत नाही. त्या रांगेत ज्याच्या घरी दोन कणग्या भरलेल्या होत्या असा एखादा इसम उभा असेल काय? असेल, असेच आम्हांस वाटते. माणसे तेव्हाही माणसेच होती. त्याने नेलेल्या पायलीचे मोलही देवालाच खांद्यावर वाहून न्यावे लागले. फुकट म्हणून जे मिळते ते कधीच फुकट नसते. त्याचे मोल कोणीतरी भरलेले असते, आणि पुष्कळदा ते भरणारा विठूच्याच वेषात, अंगावर घोंगडी घेऊन, कोठेतरी उन्हात राबत असतो.

माधुकरीचा नियमही या ठिकाणी आठवावा. १९१७ साली विष्णुबुवा जोगमहाराजांनी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तेथे शिकणारी मुले झोळी घेऊन माधुकरी मागत. मधमाशी जशी फुलाफुलातून थोडे थोडे घेते तसे घराघरातून थोडे थोडे घ्यावयाचे, हा त्या शब्दाचाच अर्थ. त्यात एका घरावर भार पडत नाही, दुसऱ्या दिवसासाठी साठा होत नाही, आणि घेतलेल्या अन्नाच्या बळावर जे अध्ययन व्हायचे त्याची जबाबदारी डोक्यावर राहते. गाडगेबाबांची रीत तर याहून कडक होती. भाकरी मागण्यापूर्वी ते त्या घरचे लाकूड फोडून देत, अंगण झाडून देत. दारोदार फिरणाऱ्या त्या माणसाने पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतःसाठी खापराचा तुकडा आणि अंगावरची गोधडी यापलीकडे काही ठेवले नाही. आता सर्वांनी बाबांसारखे व्हावे असे म्हणणे सोपे आहे. आम्हीच झालेलो नाही. परंतु घेताना हात किती उघडायचा, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

आमच्याच मंडळींची एक खोड येथे सांगून टाकतो, राग आला तरी चालेल. वारीच्या वाटेवर पुण्यासारख्या गावी लोक प्रेमाने केळी, बिस्किटे, टोप्या, पावसाचे कोट वाटतात. भिशी भरून दिंडीत आलेला माणूस, ज्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय दिंडीत झालेली आहे, तो एकाच सकाळी चार ठिकाणच्या रांगेत उभा राहतो. मग पिशवी जड झाली की दिवेघाटात केळी रस्त्याच्या कडेला पडलेली दिसतात. त्याच वाटेवर दिंडीचा नंबर नसलेली, भिशी न भरू शकलेली एखादी म्हातारी एकटीच चालत असते. ती रांगेपर्यंत पोहोचेपर्यंत टोपली रिकामी झालेली असते. यात दान देणाऱ्याची चूक नाही, सरकारची चूक नाही. ही चूक निखालस आपली आहे.

आता आम्ही स्वतःची एक गोष्ट सांगणार आहो. ती सांगितल्याशिवाय वरचे सारे लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही.

२०२० च्या वैशाखात सारे बंद होते. त्या वर्षी आषाढीची पायी वारीही झाली नाही, पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. आमच्या भजनी मंडळाने वर्गणी काढून शिध्याची पुडकी केली. पाच किलो पीठ, दोन किलो तांदूळ, एक किलो तूरडाळ, तेल, साखर आणि चहा. मारुतीच्या देवळापुढे टेबल मांडून आम्ही यादी घेऊन बसलो. 'गरजूंसाठी' असा फलक लावला होता, आणि कोण गरजू हे आमच्या डोळ्यांना कळते अशी आमची खात्री होती.

एक बाई आल्या. अंगावर चांगले लुगडे, गळ्यात मोठे मंगळसूत्र, हातात नव्या तऱ्हेचा फोन. आम्ही वर न पाहताच म्हणालो, "ताई, हे गरिबांसाठी आहे." त्या काही बोलल्या नाहीत. मागच्या रांगेकडे एकदा पाहिले आणि निघून गेल्या. त्यानंतर अर्ध्या तासाने गावातल्या एका मोठ्या ऊसवाल्याचा गडी आला. मालकाने सांगितले आहे म्हणाला. आम्ही ओळखीला जागून उठून तीन पुडकी त्याच्या गाडीला अडकवून दिली. तेव्हा त्यात काही वावगे आहे असे आम्हांस वाटलेही नाही.

आठ दिवसांनी कळले की त्या बाईंचे यजमान लग्नाच्या बँडमध्ये वाजवितात. वैशाखातली एकूण एक लग्ने रद्द झालेली. वर्षाची सगळी कमाई त्या दोन महिन्यांची. मंगळसूत्र खोटे, खरे केव्हाच गहाण पडले होते. फोन हप्त्याने घेतलेला, त्याचे हप्ते थकलेले. आणि लुगडे? देवळात जायचे, चारचौघांत हात पसरायचा, म्हणून घरातले एकुलते एक चांगले लुगडे त्यांनी नेसले होते. त्या दिवशी परत गेल्यावर घरात मुलांना पेज आणि मोठ्या माणसांना पाणी, असे चालले होते.

आम्ही पुडके घेऊन गेलो. बाई बाहेर आल्याच नाहीत. त्यांच्या सासूबाईंनी पुडके आत ठेवले, घोंगडी अंथरली आणि म्हणाल्या, "माउली, उन्हाचं आलात. चहा घेतल्याबिगर जायचं नाही." चहा बिनदुधाचा होता. त्यात घातलेली साखर बहुधा आम्ही आणलेल्या पुडक्यातलीच असावी. आमच्याबरोबरचा तरुण नको म्हणू लागला. आम्ही त्याला डोळ्याने दटावले व दोन्ही हातांनी कप घेतला. त्यांच्या घरातले घ्यायला नको म्हटले असते तर तो दुसरा अपमान झाला असता. घेणे म्हणजे काय, हे आम्हांस त्या दिवशी थोडेसे कळले.

त्या दिवसापासून आमचे मत असे झाले आहे की देणाराने फार चौकशी करू नये आणि घेणाराने फार करावी. सध्या चालले आहे ते नेमके उलटे. देणारा फोटो काढतो, दाखले मागतो, तोंडाकडे पाहतो. आणि घेणारा स्वतःला एकही प्रश्न विचारीत नाही. फुकट वाटणाऱ्याच्या दारी दहा जण खोटे येतील, येऊ द्यावे. त्या दहांना गाळण्यासाठी लावलेल्या चाळणीतून एक खरा गळून पडतो, आणि तो पुन्हा येत नाही. पण म्हणून त्या दहांनी यावे असे मात्र नव्हे. त्यांनी घरून निघतानाच विचारावे की हे आज मिळाले नाही तर माझ्या घरी चूल अडेल का? अडत असेल तर निघावे, आणि मान वर करून निघावे. उपाशी राहून, पोरांना अर्धपोटी निजवून, "आम्ही कधी कुणापुढं हात पसरला नाही" असे सांगत फिरणे यात वैराग्य नाही. त्या अभिमानाची किंमत बहुतेक घरात बाईमाणूस भरते, कारण सर्वांचे झाल्यावर ताटावर बसते ती तीच, आणि भांड्यात काय उरले होते हे ती कोणाला सांगत नाही.

एका ठिकाणी मात्र आमचा सल्ला अगदी वेगळा आहे. शाळेतल्या खिचडीविषयी आम्हांस काही सुखवस्तू पालक विचारतात की आमच्या मुलाने ती खावी की न खावी? काही जण तर मुलाला बजावतात, "ते गरिबांचं आहे, तू डबा खा." हे आम्हांस साफ नामंजूर आहे. १९९५ साली ही योजना देशात सुरू झाली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला. वर्गातल्या सर्व मुलांसाठी ते शिजते. तेथे एकाचे खाल्ल्याने दुसऱ्याचे कमी होत नाही. उलट सुखवस्तू घरचे मूल पंगतीतून उठले की उरलेल्या मुलांच्या कपाळावर 'गरीब' असा शिक्का बसतो. नाथमहाराज जातीचा ताठा सोडून राण्या महाराच्या घरी जेवायला गेले, ते काही पैठणात त्यांना अन्न मिळत नव्हते म्हणून नव्हे. पंगत एक व्हावी म्हणून गेले. तेथे घेणे हाच धर्म होता. तेव्हा आमचे म्हणणे 'सधनाने कधीच घेऊ नये' असे नाही. एकत्र बसण्याने पंगत मोठी होत असेल तर अवश्य बसावे. आपल्या बसण्याने कोणी उठत असेल तर बसू नये.

राहिला एक मुद्दा, तो आमच्या माळकरी मित्राच्या घरातलाच आहे. कार्डावर पाच नावे. त्यांपैकी आपले सोडण्याचा अधिकार त्यांना आहे, बाकीच्यांचे काय? तुकोबारायांनी कर्जाची खते इंद्रायणीत बुडविली, पण आपल्या वाट्याची तेवढीच. धाकट्या भावाच्या वाट्याची त्याच्या हाती दिली, असे चरित्रात सांगतात. स्वतःच्या त्यागाने दुसऱ्याचा हक्क बुडवू नये, एवढा विवेक त्या परम वैराग्यातही होता. म्हणून आम्ही त्यांना पुढच्या एकादशीस एवढेच म्हणालो, "घरात सर्वांना बसवा, मुलाला व सुनेला विचारा, आणि कारभारीणबाईंना आधी विचारा."

त्यांनी विचारले. मुलगा लगेच हो म्हणाला. सून म्हणाली, तांदूळ काही चांगला नसतोच! कारभारीणबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "सोडायचं तर सोडा, पण मला शेजारच्या जनाईचं नाव त्यात लागलेलं दिसलं पाहिजे." ही जनाई म्हणजे एकटी राहणारी, कार्डच नसलेली म्हातारी. अशी अदलाबदल सरकारात होत नाही, हे त्यांना समजावता समजावता आमच्या मित्रांची पुरेवाट झाली. शेवटी दोन अर्ज करायचे ठरले, एक नाव कमी करण्याचा आणि एक जनाईच्या नव्या कार्डाचा.

कचेरीतल्या कारकुनाने पहिला अर्ज उलटसुलट करून पाहिला व म्हणाला, "आजोबा, इथं सगळे नाव वाढवायला येतात. तुम्ही कमी करायला कशाला आलात? काही भांडणबिंडण झालंय का घरात?" त्यासाठी त्यांना तीन हेलपाटे पडले. जनाईच्या अर्जाला तर उत्पन्नाचा दाखला, राहण्याचा पुरावा, आणखी कायकाय लागले. कारभारीणबाई स्वतः तिला धरून तलाठ्याकडे दोनदा घेऊन गेल्या. तिच्या अर्जाचा निकाल हे लिहीपर्यंत लागलेला नाही. तोवर रोज संध्याकाळी त्यांच्या घरून तिला भाकरी-कालवण जाते, आणि दोन्ही अर्जांच्या पावत्या आमच्या मित्रांनी हरिपाठाच्या पुस्तकात घडी करून ठेवल्या आहेत.